फडक्याला अडकलेला धागा

फडकं अडकलं, एवढंच झालं होतं. इंजिन उतरवून झालेलं, चारही चाकं, ए-आर्म (पुढची चाकं फ्रेमला जोडणारे ए-आकाराचे हात), स्विंगआर्म (मागच्या चाकांचा हात), वायरिंग सगळं काढून क्वाडची, म्हणजे रेसच्या चारचाकी बाइकची, नुसती फ्रेम स्टँडवर ठेवलेली, आणि मी डिग्रीझर मारून एकेक पाइप जुन्या सुती फडक्याने पुसत होतो, रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि डोकं दुसऱ्याच कशात तरी होतं. डाव्या बाजूच्या खालच्या ए-आर्मचा पुढचा ब्रॅकेट जिथे फ्रेमच्या पाइपला वेल्ड केलेला असतो ना, तिथून हात फिरवला आणि फडक्याचा एक धागा तिथे धरला गेला. ओढला तर तुटून तिथेच राहिला. वाटलं वेल्डिंगचा एखादा दाणा वर आला असेल, म्हणून नखाने खरवडून बघितलं तर नखाची कड आत गेली. टॉर्च जवळ नेला. ब्रॅकेटच्या टोकापासून निघून पाइपवर साधारण दीड इंच गेलेली केसाएवढी रेघ होती, आणि रेघेच्या दोन्ही कडांना ती तांबूस बारीक पूड, दोन लोखंडं बरेच दिवस एकमेकांवर घासत राहिली की येते तशी.

"दादा, डावीकडे ओढतेय."

हे वाक्य माझी बहीण गेला अख्खा सीझन म्हणत होती. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी लगेच क्वाड सपाट जमिनीवर घेतली, टायरमधली हवा बघितली, दोऱ्या ताणून टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) मोजला, गेजने कॅम्बर (चाक उभ्यापासून किती कललंय ते) मोजला, दोन्ही बाजू सारख्या. वहीत लिहून ठेवलं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा टाय-रॉडची (स्टेअरिंगपासून चाकं वळवणाऱ्या दांड्यांची) टोकं बदलली, पुढच्या चाकांचे बेअरिंग बदलले, बॉल जॉइंट (ए-आर्मच्या टोकाचे, चाकाकडचे सांधे) हलवून बघितले. तिसऱ्यांदा मात्र मी म्हणालो, "अगं गाडीत काही नाहीये, शेवटच्या लॅप्सना तुझा हात थकतो, म्हणून तुला तसं वाटतं." रागाने नव्हतो बोललो, खरंच तसं वाटलं होतं मला, आकडे समोर होते. ती काही बोलली नाही. त्यानंतर ती हे परत कधीच बोलली नाही. पण रोज संध्याकाळी ती बादलीत वाळू भरून एका काठीला दोरीने बांधायची आणि काठी मनगटांनी गुंडाळत बादली वर घ्यायची, खाली सोडायची, वर घ्यायची, मी गॅरेजमधून बघायचो आणि मला बरं वाटायचं की पोरगी मेहनत घेतेय. त्या रात्री फ्रेमसमोर बसून मला ती बादली आठवली. ती चीर सापडल्याचं दुःख एवढं नव्हतं, फ्रेम लोखंडाची आहे, लोखंड थकतं. बादलीचं होतं.

मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या, उड्यांच्या ट्रॅकवरच्या रेसमध्ये, क्वाडच्या फ्रेमवर काय काय होतं हे बाजूला उभं राहून दिसत नाही. दिसतं ते उडी, धूळ, लँडिंग. आत जे चालतं ते वेगळंच. टायर जमिनीला लागला की तो धक्का चाकातून ए-आर्ममध्ये, ए-आर्ममधून शॉकमध्ये आणि शॉकच्या वरच्या माउंटमधून फ्रेममध्ये जातो, आणि तेवढ्यातच पुढच्या वळणासाठी रायडरने ब्रेक मारलेला असतो म्हणजे चाक मागे ढकललं जात असतं आणि तो सगळा भार खालच्या ए-आर्मच्या दोन ब्रॅकेटवर येतो. एका लॅपमध्ये हे किती वेळा होतं मोजायला गेलं तर आपणच थकू. त्यात स्पोर्ट क्वाडला मागे डिफरन्शियल नसतं, एकच सरळ ॲक्सल, दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे वळणात गाडी सरळच जायला बघते आणि रायडरला अंग आत टाकून, मागचं आतलं चाक हलकं करून ती वळवून घ्यावी लागते. म्हणजे बाइकवर जसं बसतात तसं यावर नुसतं बसून चालतच नाही, पूर्ण शरीर स्टेअरिंगचा भाग असतं. अशा गाडीत काही बिघडलं तर सगळ्यात आधी कळणार ते रायडरच्या मनगटांना, खांद्यांना, गुडघ्यांना. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते इथे अगदी शब्दशः खरं आहे. माझा गेज गाडी उभी असताना मोजत होता आणि ती मात्र गाडी चालत असताना सांगत होती.

आणि ती चीर तिथे आली कशी, हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. दोन सीझनपूर्वी ए-आर्म मीच बदलले होते. कंपनीतून निघताना या साडेचारशे सीसीच्या बहुतेक क्वाड साधारण 46 इंच रुंद असायच्या, अमेरिकेत एएमएच्या (तिथल्या मोटरसायकल संघटनेच्या) मोटोक्रॉसमध्ये 50 इंचांपर्यंत चालतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच लांब ए-आर्म टाकून गाडी 50 वर नेणं ही रेसची तयारी करणाऱ्या प्रत्येकाची पहिली पायरी. त्याचा फायदा खरा आहे, वळणात आतलं चाक लवकर उचललं जात नाही, गाडी पसरून बसल्यासारखी वाटते. पण हात लांब झाला म्हणजे तरफ लांब झाली. शॉकचा खालचा बोल्ट होता तिथेच राहिला आणि चाक बाहेर गेलं की तीच स्प्रिंग मऊ वाटायला लागते, म्हणून कडक स्प्रिंग टाकावी लागते, ती मी टाकली. चाकापासून फ्रेमपर्यंतच्या त्या लांब तरफेचा जोर जिथे येऊन संपतो ते ब्रॅकेट मात्र 46 इंचांच्या हिशोबाने बनवलेले होते, त्यांना मी हातही लावला नाही. गसेट, म्हणजे जोड मजबूत करणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, मारायला हवे होते हे मला माहीत होतं. पण त्यासाठी गाडी पूर्ण खोलावी लागते, सीझन तोंडावर होता, पुढच्या वेळी करू म्हणालो. कंपनीची चूक म्हणता येणार नाही, वेल्डरचीही नाही. आणि वर पुन्हा मी वर्षभर टाय-रॉडशी खेळत बसलो, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

खरं तर ही गोष्ट क्वाड रेसिंगला फार आधीपासून माहीत आहे. होंडाची टू-स्ट्रोक टीआरएक्स 250आर ही चारचाकी 1986 ते 1989 एवढीच चार वर्षं बनली, पण तिचं इंजिन लोकांनी पुढे कितीतरी वर्षं रेसमध्ये पळवलं, आणि ते बऱ्याचदा होंडाच्या फ्रेममध्ये नाही तर खास रेससाठी क्रोमोलीच्या (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या) पाइपांतून बनवलेल्या फ्रेममध्ये. 2004 च्या मॉडेलपासून यामाहाची वायएफझेड 450 आणि होंडाची टीआरएक्स 450आर आल्या, 2006 ला सुझुकीने एलटी-आर 450 थेट मोटोक्रॉस डोळ्यासमोर ठेवून आणली, 2008 ला कावासाकीची केएफएक्स 450आर ॲल्युमिनियमची फ्रेम घेऊन आली. तरीही आजही रेसला उतरवायची म्हटलं की आधी सगळं उघडायचं. कारण कंपनीला जंगलात फिरणारा, वाळूत पळणारा आणि उड्या मारणारा या सगळ्यांसाठी एकच फ्रेम बनवायची असते, आणि आपल्याला मात्र त्यातलं एकच काम हवं असतं आणि ते भयंकर जास्त हवं असतं. मला एका गोष्टीचं नेहमी वाईट वाटतं, लोक महागडे शॉक आधी घेतात आणि फ्रेम शेवटी बघतात. शॉक दिसतात, त्यांच्या स्प्रिंगांना रंग असतात. फ्रेमचा जोड सीटखाली, चिखलाखाली असतो. मीही तेच केलं होतं.

सकाळी तिला बोलावलं. तिच्यासमोरच डाय टेस्ट केली, ती रात्रीच करता आली असती पण मुद्दाम थांबलो. पेंट काढून जागा लख्ख पुसायची, मग लाल डाय मारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, वरचा सगळा पुसून काढायचा आणि मग पांढरा डेव्हलपर फवारायचा. तो वाळताना खडूसारखा होतो, आणि त्या पांढऱ्यावर आतला लाल हळूहळू वर यायला लागतो. आधी दोन-तीन ठिपके आले, मग ठिपके जुळले आणि रेघ झाली. रात्री डोळ्याला दीड इंच दिसलेली ती चीर आता अडीच इंच होती, पाइपला वळसा घालून खालच्या बाजूला गेलेली. डेव्हलपरचा तो उग्र वास गॅरेजभर झाला होता. ती वाकून बघत राहिली, मग म्हणाली, "लँडिंगनंतर ब्रेक मारला की ओढायची. नुसती चालवताना नाही." हे तिने आधीही सांगितलं असणार. मी "ओढतेय" एवढाच शब्द ऐकला होता, कधी ओढतेय ते ऐकलंच नव्हतं. मी ब्रॅकेटमध्ये पहार घातली आणि मागच्या बाजूला जोर दिला, पांढऱ्या थरातली लाल रेघ रुंद झाली, सोडलं की परत मिटली. म्हणजे गाडी उभी असताना चीर मिटलेली, सगळे आकडे बरोबर. भार आला की ब्रॅकेट मागे सरकायचा, त्याच्याबरोबर खालचा बॉल जॉइंट मागे जायचा, डाव्या चाकाचा कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं तो मागे किती कललाय तो कोन) कमी व्हायचा, आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी त्या बाजूला गाडी ओढते. माझी वही खरी होती आणि तीही खरी होती.

मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "वेल्डिंगला कधी न्यायची?"

वेल्डिंग करणारे काका फार कमी बोलतात. त्यांनी फ्रेम उलटी केली, बोटांनी सगळे जोड चाचपले, आणि आधी मला चिरेचं टोक शोधायला लावलं. टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, कारण चिरेचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथेच गोळा होतो, भोक पाडलं की तो गोल कडेवर पसरतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने चीर पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने चीर व्हीच्या आकारात उघडली, पार तळापर्यंत, नुसतं वरून वेल्डिंग ओतलं तर आतली चीर तशीच राहते आणि काही दिवसांनी परत वर येते. ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये बोल्ट आणि बरोबर मापाची नळी घालून आवळून ठेवली, कारण लोखंड गार होताना आकसतं आणि कान जवळ आले तर पुढे ए-आर्म बसतच नाही. मी गसेटसाठी पुठ्ठ्याचे नमुने कापून नेले होते, सरळ त्रिकोण. त्यांनी ते बघून बाजूला ठेवले आणि खडूने पत्र्यावर नवीन काढले, टोकं माशाच्या शेपटीसारखी कापलेली. मला म्हणाले, "पट्टी पाइपवर आडवी संपवायची नाही. जिथे आडवं वेल्डिंग तिथे पुढची चीर." म्हणजे गसेटची कड पाइपच्या लांबीबरोबर हळूच विरत जायला हवी, एकदम थांबायला नको, नाहीतर जाड भाग आणि पातळ भाग यांच्या सीमेवर पाइप वाकत राहतो आणि तिथेच तुटतो. आपण मजबुती म्हणून जी पट्टी मारतो तीच पुढची चीर घडवू शकते, हे मला तोवर एवढं स्पष्ट कळलं नव्हतं.

टिग वेल्डिंगला आवाज जवळजवळ नसतोच. बारीक फुसफुस, आणि त्या हिरव्या काचेतून दिसणारा वितळलेल्या लोखंडाचा तो एवढासा चमकता थेंब, पुढे सरकणारा, मागे नाण्यांची चळत आडवी केल्यासारखा माग ठेवणारा. काका एका बाजूला इंचभर मारायचे, मग उठून पार दुसऱ्या बाजूला जाऊन तेवढंच मारायचे, उष्णता एकीकडे साठू नये म्हणून, आणि मधेमधे मी चारही ब्रॅकेटमधली कर्णं मोजायचो. दोन्ही खालचे ए-आर्म ब्रॅकेट, शॉकचा वरचा माउंट, स्टेअरिंग स्टेमचा खालचा आधार, मागे स्विंगआर्मच्या पिव्हटजवळची जागा, एवढ्या ठिकाणी गसेट बसले. कुठेही पाणी मारायचं नाही, हवेवर गार होऊ द्यायचं. मला थांबवत नव्हतं, दर पाच मिनिटांनी हात लावून बघत होतो. शेवटी सगळं गार झाल्यावर काकांनी मला ए-आर्मचा बोल्ट दिला आणि म्हणाले घाल. हातोडी लागली नाही, एका बोटाने ढकलला आणि तो आरपार गेला. त्या क्षणी मला केवढं हलकं वाटलं ते नीट लिहिता येणार नाही.

पावडर कोटिंगचा रंग मी लाल ठरवला होता, जुना तोच. बेअरिंगच्या जागा, आटे, फ्रेमचा नंबर सगळं झाकून फ्रेम द्यायला निघालो तर ती म्हणाली, "पांढरी करूया." मी म्हणालो दोन लॅपमध्ये मळेल. ती म्हणाली, "मळू दे, धुतली की दिसेल ना." पांढऱ्यावर चीर काळ्या रेघेसारखी लगेच दिसते, गडद रंगात ती महिनोन् महिने लपते. पांढरी केली.

मग शॉक. खरं सांगायचं तर या भागाला मला हात लावायची भीती वाटत होती, कारण गेलं वर्षभर मी चुकीच्या गाडीवर शॉक सेट करत होतो. डावीकडचा कंप्रेशन (शॉक दबताना होणारा विरोध) उजवीकडच्यापेक्षा तीन क्लिक जास्त बंद होता, ते मीच केलं होतं, गाडी डावीकडे बसतेय असं वाटून. नायट्रोजन सोडून शॉक उघडले तर डाव्यातलं तेल काळं आणि पातळ, जळकट वास, उजव्यातलं त्यामानाने बरं. एका शॉकने दुसऱ्याच्या वाटचं सोसलं होतं. सील, बुश, तेल नवीन, शिम (आतलं तेल अडवणाऱ्या पातळ चकत्या) धुऊन त्याच क्रमाने परत, दोन्ही बाजूंचे क्लिक सारखे. स्प्रिंगा चढवायच्या आधी नुसते शॉक लावून चाक जॅकने एकेक इंच वर नेत टो मोजला, पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत, कारण टाय-रॉड ए-आर्मबरोबर नीट फिरत नसेल तर दर खड्ड्याला चाक स्वतःहून वळतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि मला फार आवडतं. संध्याकाळ कधी झाली कळलं नाही.

स्प्रिंगांसाठी ती पूर्ण तयारीत आली, हेल्मेट, बूट, चेस्ट प्रोटेक्टर, सगळं घालून, कारण सॅग, म्हणजे रायडर बसल्यावर गाडी किती खाली बसते ते, मोजायचं तर रायडर जसा रेसला बसतो तसाच बसायला हवा. आमच्या शॉकवर वर छोटी मऊ स्प्रिंग आणि खाली मोठी कडक अशी जोडी आहे, छोटी आधी दबते, एका रिंगवर येऊन थांबते आणि तिथून पुढे मोठी एकटी काम करते. गाडी तिच्या वजनाने जरा खाली बसलेली असते पण हवेत गेली की चाकं खाली लोंबतात आणि जमिनीला लवकर भेटतात, धक्का खायला जास्त जागा मिळते, लाँग ट्रॅव्हलचा खरा अर्थ हाच आहे. चाकाचा एकूण प्रवास आमच्याकडे 10 इंच, त्यातला साधारण एक तृतीयांश ती बसल्यावर जायला हवा. टेप धरून मोजलं तर दोनच इंच जात होता. पुन्हा मोजलं, दोनच. या स्प्रिंगा मी दोन वर्षांपूर्वी निवडल्या तेव्हा गाडी मीच जास्त चालवत होतो, माझ्या वजनावर निवडल्या होत्या, आणि गाडी तिच्याकडे गेल्यावर ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. म्हणजे ती वर्षभर माझ्या वजनाच्या गाडीवर, तुटलेल्या ब्रॅकेटवर, चालवत होती आणि तरी बहुतेक वेळा पहिल्या पाचात येत होती. मी तिला हे सांगितलं. तिने व्हायझर वर केला, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग आता माझ्या टाक." नवीन स्प्रिंगा आल्यावर साडेतीन भरला, प्रीलोडची (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याची) रिंग थोडी फिरवून सव्वातीन केला, पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवली.

मला तिला परत त्या गाडीवर पाठवायचं नव्हतं, हेही लिहायला हवं. ती चीर एखाद्या मोठ्या उडीनंतर पूर्ण सुटली असती तर चाक आत दुमडलं असतं, आणि पुढचं मी डोळे मिटले की बरेच दिवस बघत होतो. पण पाठवायचं की नाही हे ठरवणारा मी कोण, हा प्रश्नही तेवढाच खरा होता. मी वर्षभर तिच्या हातांना काय जाणवतंय हे तिच्यापेक्षा मला जास्त कळतं असं धरून चाललो होतो, आता तिच्या भीतीचंही मीच ठरवायला लागलो तर तेच पुन्हा.

सरावाला गेलो तेव्हा ट्रॅकवर रात्रीची ओल होती, माती अजून गडद. ती पहिल्या लॅपला हळू गेली, दुसऱ्याला छोट्या उड्या, तिसऱ्याला मोठ्या टेबलटॉपवरून (वर सपाट असलेल्या उंचवट्यावरून) पूर्ण उडी. मी कुंपणाला टेकून फक्त डावं पुढचं चाक बघत होतो. उडीनंतर ब्रेक, चाकाखाली माती दबली, शॉक बसला आणि उठला, गाडी नाकासमोर गेली. सहा लॅपनंतर ती आली, इंजिन बंद केलं, टेथर (रायडर पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) मनगटातून काढला. मी काही विचारलं नाही, थांबलो. पांढऱ्या फ्रेमवर चिखलाचे शिंतोडे वाळत होते. "ओढत नाहीये," ती म्हणाली. मग हातमोजे काढता काढता, "पण त्या खडबडीत उतारावर ब्रेक मारला की मागचं लाथ मारतंय. उडी नाही, ब्रेक. तिथेच फक्त." मी खाली बसून मागच्या शॉकचा रिबाउंड (तो किती वेगाने परत उठतो ते ठरवणारा स्क्रू) शोधला आणि स्क्रूड्रायव्हरने दोन क्लिक बंद केला. ती वाकून बघत होती, क्लिक मोजत होती. "एकच कर आधी," ती म्हणाली. एक परत उघडला, आणि ती हातमोजे घालून पुन्हा गेली.